‘गाडी आली’ हे लग्नाचं गाणं नव्हे

ऐका हो ऐका! धार आणि दोन्ही देवास, अशा तीन दरबारांच्या समस्त रयतेस, बायकापोरांस, बँडवाल्यांस आणि वरातीतल्या घोड्यांस कळवण्यात येतं की ‘गाडी आली’ हे लग्नाचं गाणं नव्हे. हसताय काय भिया, लिहून घ्या. त्या गाण्याच्या तबकडीवर तबला माझा आहे.

आम्ही धारचे गुरव. पणजा दरबाराच्या मागोमाग दक्षिणेतून इकडे आला, देवापुढं पखवाज वाजवायचा, तीच बोटं मला आली. पण देवळात नुसता नैवेद्य, म्हणून मी तबला घेऊन देवासला गेलो. तिथली मजा काय सांगू तुम्हाला, एका गावात दोन राजे, थोरली पाती नि धाकटी पाती, मधे रस्ता. थोरल्यांकडे कुणी डोळे वटारले की तबला काखेत मारायचा नि रस्ता ओलांडायचा, झालं परराज्य! मैनाबाई गाणारी हेच करायची, मी तिच्या साथीला.

तर माझी थोरली बहीण, आक्का. ऐन तरुणपणी नवरा गेला, धारला एका सरदारांकडे स्वयंपाकाला राहिली, एकच लेक, गोदी, ती बदनावरला दिली. पहिल्या दिवाळीला आक्कानं सरदारांची गाडी मागून घेतली, बैलांना घुंगरं बांधली नि गोदीला आणायला धाडली, आणि बदनावरात प्लेग. गोदीला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलेलं, तिथंच संपली, कुणी जाळलं, कुठं जाळलं, कळलं नाही, ना दहावा ना तेरावा, सासरचे पळालेले, गाव पळालेलं, रडायला कोण? गाडीवान वेशीवरूनच माघारी फिरला. इथं घुंगरं वाजली तशी आक्का भाकरतुकडा घेऊन ओवाळायला धावली, आणि गाडीत कुणीच नाही हो, कुणीच नाही.

मग ती चुलीपुढं गुणगुणायला लागली. गाडी आली गं घुंगुरवाळी, अंगणी आली, अशी सुरुवात, मग लेकीसाठी न्हाणीत पाणी तापवलंय, लेकीसाठी साडी काढलीय, सगळी तयारी, आणि अगदी शेवटच्या कडव्यात आई गाडीत डोकावते तर नुसतं गवत. सावकाश म्हणायची, एकेक शब्द उचलताना हात दुखावा तसं. मैनाबाई सरदारांकडे गायला आलेली, तिनं मागल्या दारातून ऐकलं, गाणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात कोण घेणार, उंबऱ्याबाहेरच बसून रडली, म्हणाली आक्का, हे मला द्या. आक्का म्हणाली, घे बाई, पण शेवटपर्यंत गा. माझ्या गोदीसाठी चार माणसं रडली नाहीत, तेवढी रडू देत. बस, तेवढंच मागणं.

पुढं इंदुरात गोरा साहेब तबकड्या भरायला आला. खोलीला चहूकडून गोधड्या टांगलेल्या, एक भलाथोरला भोंगा, त्यात तोंड घालून ओरडायचं, नि मला तबल्यासकट टेबलावर चढवलेलं, गणपती बसवावा तसं! मैनाबाईनं आळवून सुरू केलं आणि निम्म्यातच मेणाची तबकडी संपली. साहेब वैतागला. त्याचा मुन्शी म्हणाला, बाईजी, जल्दी गाओ, और जोर से, इतना रोनेवाला गाना कौन खरीदेगा? बाई म्हणाली, शेवटचं कडवं तरी घ्या हो, मी शब्द दिलाय. मुन्शी म्हणाला, आखिर में आपका नाम बोलना है, जगह किधर है? साहेबानं मला हातानं खूण केली, पळव. बाईकडे बघितलं, तिनं डोळे मिटले. अहो, दुप्पट चालीत ते गाणं असं नाचायला लागलं की टेबल हलायला लागलं! साडी निघाली तिथवर कसंबसं पोचलो, नि बाई भोंग्यात किंचाळली, मैनाबाई, देवासवाली!

खपली म्हणजे काय, तुफान खपली. आता नालछ्यापासून हाटपिपल्यापर्यंत कुठंही जा, वरात दारात आली की ‘गाडी आली’. आक्का गेली, मैनाबाई गेली, माझेही केस पिकले. मी कुणाला अडवत नाही. वाजवा बाबांनो, तुमच्या लेकी गाडीतून सुखरूप उतरू देत.

पण धारला ती तबकडी पहिल्यांदा वाजली सरदारांच्या दिवाणखान्यात, तेव्हा मी होतो. आक्काला दाराशी बोलावलं, पिठाचे हात तसेच, पदर मुठीत धरून डोळे पुसायच्या तयारीत उभी. तबकडी फिरली नि मंडळींनी टाळ्या धरल्या, सरदारांचे व्याही माना डोलवतायत, पडद्यामागं बायका हसतायत, एक पोर तर गिरक्या घ्यायला लागलं. रडणारं कुणी नाही. आक्का एकटी कान देऊन. गाडी अंगणात आली, पाणी तापलं, साडी निघाली, आक्काचे ओठ पुढल्या कडव्यासाठी हलले, आणि बाई किंचाळली, देवासवाली, नि खरखर होऊन सगळं थांबलं. आता ही मला शिव्या घालते म्हणून मी मान खाली घातली. ती भोंग्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि भर बैठकीत, सरदारांसमोर, मोठ्यांदा बोलून गेली, अरे, ह्यात माझी गोदी मेलीच नाही रे!