काळ्या साडीचं झबलं

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. पेटीवाले, तुम्हीसुद्धा! आज आख्यान लावायच्या आधी एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका. तुम्हाला घाई फार!

प्रश्न असा — एका माणसानं आपल्या हातातली वस्तू दुसऱ्याला दिली. आणि दुसऱ्या एका माणसाच्या हातातली वस्तू कुणीतरी काढून घेतली. प्रेमानं घेतली हो, दरोडा नाही घातला! हात दोघांचेही रिकामेच झाले. आपण दोन्हीला त्याग म्हणतो. दोन्हीला टाळ्या वाजवतो. देव काय म्हणत असेल?

हे बघा, पुढचे काका मान डोलवायला लागले. काका, मी अजून काही सांगितलंच नाही!

आज आख्यानात राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर नाहीच नाही. एक बाई आहे. पाच महिन्यांची बाळंतीण. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. बाईचं नाव मात्र सांगतो, कारण त्या वर्षात ते फार कमी वेळा घेतलं गेलं. तिचं नाव मंजिरी.

मंजिरी नगरवाचनालयात कामाला होती. सकाळी दहाला गल्लीतून निघायची. आणि मंडळी, काय नेसायची! भारी नव्हे. भारी नेसायला काय, दुकानात जायचं नि महाग ते उचलायचं. हिचं तसं नव्हतं. नवरात्राचे नऊ रंग आपल्याला पेपरवाले सांगतात — हो की नाही हो ताई? — हिला तिचे रंग हवा सांगायची! चैत्रात कैरीच्या सालीचा हिरवा. वैशाखात धुऊन धुऊन मऊ झालेली पांढरी सुती. भाद्रपदात ओल्या मातीचा तांबूस. मार्गशीर्षात वांग्याचा जांभळा. समोरच्या कमलमावशी पापडवाल्या. त्या उंबऱ्यातून ओरडायच्या, "अगं बायांनो, मंजिरीनं सुती काढली! उन्हाळा लागला, वाळवणाचं बघा!" गल्लीला पंचांग कशाला हवं? रोज दहा वाजता पंचांग दारावरून चालत जायचं.

आणि पौषात काळी. ती एक ऐका, आख्यान तिच्यावरच आहे.

काळी साडी, डाळिंबी काठ. लग्नाआधी, पहिल्यांदा एकटी दुकानात गेली तेव्हाची. आई नाही बरोबर, मैत्रीण नाही. दुकानदारानं चाळीस साड्या उलगडल्या. "ताई ही बघा, ताई हिला फार मागणी आहे!" हिनं सगळा ढीग बाजूला सारला आणि कोपऱ्यात पडलेली ही उचलली. "हीच." दुकानदार म्हणाला, "बघा बुवा, काळी आहे." ही म्हणाली, "म्हणूनच." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता घेतलेला निर्णय. दर संक्रांतीला ती नेसायची. पाच संक्रांती झाल्या.

मग श्रावणात मुलगा झाला. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरी. सासूबाई — द्वारकाबाई — माउली हो! माझ्या आख्यानात दुष्ट सासू शोधाल तर रिकाम्या हातानं घरी जाल. शेक दिला, शेगडी दिली, डिंकाचे लाडू दिले, सुनेच्या कानाला स्वतःच्या हातानं स्कार्फ बांधला. "वारं लागेल गं." आणि कपडे म्हणजे दोन गाऊन. एक अंगावर, एक दोरीवर. समोर बटणं, बाळाला घ्यायला बरं.

श्रावण गेला. भाद्रपद गेला. गणपती बसले, उठले. दिवाळी आली, फटाक्यांनी बाळ दचकलं, दिवाळी गेली. गाऊन तोच! खांद्यावर दुधाचा आंबूस डाग, धुतला तरी जाईना. कंगव्यात केसांचे पुंजके. एक दिवस तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, महिना कोणता चाललाय?" अनंतराव हसले. म्हणाले, "मार्गशीर्ष! गुरुवारची पूजा नाही का केली आईनं?" त्यात हसण्यासारखं काय होतं? जिच्यावरून गल्ली महिना ओळखायची, ती महिना विचारत होती!

आणि गल्ली? गल्लीला त्या वर्षी थंडी आल्याचं कुणी सांगितलं नाही. कमलमावशी यायच्या, बाळाची दृष्ट काढायच्या, "नाक बाबांचं हो!" म्हणायच्या, निघून जायच्या. वांग्याच्या रंगाची साडी यंदा का नाही दिसली, हे एकीनं विचारू नये?

एकदा कपाट उघडलं तिनं. वाचनालयात घालायचा ड्रेस काढला. दंडात अडकला. ब्लाउज घातले, हुक लागेना. आरशात पाहिलं. तिला वाटलं — आता हे तिच्याच तोंडचं सांगतो, मी जोडलेलं नाही — तिला वाटलं, मी या घरातून उठून निघून गेले, तर हा गाऊन इथं तसाच बसून राहील, मांडीवर बाळ घेऊन. आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आणखी एक सांगते ती. दुपारी बाळ टक लावून बघायचं, हसायचं. आणि हिला काहीच वाटायचं नाही. काहीच! मग त्या काही न वाटण्याचीच भीती वाटायची. आपण बाई आहोत की कोण? कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. "अहो, मला कसंतरीच होतंय. मी कशी दिसते बघा ना." अनंतराव भला माणूस. म्हणाला, "तू कशीही छानच दिसतेस."

पुरुषहो, हे वाक्य आपण सगळ्यांनी वापरलंय! मीही वापरलंय. मान वर न करता वापरता येतं, म्हणून सोयीचं पडतं.

पण मग तिच्या ध्यानात आलं — साडीला माप नसतं! अंग कितीही बदलू दे, साडी घेते सामावून. राहिला ब्लाउज. तर त्या काळ्या ब्लाउजच्या शिवणीत दोन्ही बाजूंना जादा कापड दुमडून ठेवलेलं होतं. शिंपी त्याला माया म्हणतात, पुढं अंग भरलं तर सोडता यावी म्हणून. पंधरा दिवस ती दुपारी बाळ निजलं की ब्लेडनं एकेक टाका उसवायची आणि पुन्हा शिवायची. चार टाके झाले की बाळ उठायचं. दुसऱ्या दिवशी पुढचे चार. ब्लाउज झाला! हुक लागला! त्या दिवशी ती पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

नवऱ्याला म्हणाली, "संक्रांतीला मी माझी काळी नेसणार आहे. आणि नेसून जरा वाचनालयापर्यंत जाऊन येणार आहे." अनंतराव फोनमध्ये बघत म्हणाले, "हो हो, जा की."

बस. एवढंच हवं होतं तिला. स्वर्ग नको, मोक्ष नको. पौष आला की पौषातली साडी नेसायची आणि दोनशे पावलं चालून यायचं. म्हणजे मी अजून आहे, हे तिला तिचंच कळलं असतं.

संक्रांत आली. बाळाची पहिली संक्रांत! बोरन्हाण करायचं. लहानग्याला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. सगळ्या गल्लीला बोलावणं. दुपारी मंजिरी न्हाली. केस पुसले. ब्लाउज घातला, वरून गाऊन. साडी काढायला कपाटाशी गेली.

साडी नाही.

वरचा खण, खालचा खण. उशीचे अभ्रे काढले, शाली काढल्या. नाही. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या. चेहरा कसा उजळलेला! पदराआड काहीतरी लपवलेलं. "डोळे मीट," म्हणाल्या. "आता उघड!"

झबलं. टोपडं. इवलासा रुमाल. काळं कापड, गळ्याला आणि बाहीला डाळिंबी काठ. बारीक टीप, वर चांदणीचं भरतकाम. म्हातारीनं आठ दिवस जाऊबाईंच्या घरी जाऊन चोरून शिवलं होतं, सुनेला चकित करायचं म्हणून! "नवं कापड बोचतं गं लेकराला. पहिलं काळं आईच्या जुन्यातलंच हवं. तुझी ती पाच पावसाळे धुतलेली, कशी लोण्यासारखी झाली होती!"

मंडळी, चिडायचं कुणावर? सांगा ना! आपल्याकडे बाळाला पहिलं वस्त्र जुन्याचंच करतात. आजीनं रीत पाळली, डोळे फोडून चांदण्या भरल्या. फक्त एक राहिलं. विचारायचं राहिलं. विचारावं हे तिच्या मनातही आलं नाही. सुनेच्या कपाटातलं ते नातवाचंच, एवढा सरळ हिशेब.

"उरलेल्याची दुपटी केलीत," म्हातारी म्हणाली. "काही वाया नाही घालवलं."

मंजिरी म्हणाली, "छान झालंय, आई."

बाया जमल्या. बाळ पाटावर बसलं. काय देखणं दिसत होतं! बोरं ओतली, पोरं चुरमुऱ्यांवर तुटून पडली. फोटो निघाले. "अगंबाई, आईच्या साडीचं झबलं! नशीब काढलं हो!" मंजिरी बाळाला मागून धरून बसली होती, गाऊनवर. आतला ब्लाउज कुणाला दिसत नव्हता.

आणि त्या दिवशी तिथं एक बुवा आले होते. शेजारच्या देवळात त्यांचं कीर्तन होतं, यजमानांनी आग्रहानं आणलं, "चार शब्द बोला." बुवांना काय, चार शब्द म्हटलं की चाळीस! त्यांनी झबलं हातात धरलं, उंच केलं. म्हणाले, "बघा मायबाप! आई कुणाला म्हणतात? स्वतःच्या अंगावरचं फाडून लेकराला नेसवते, ती आई! हिनं आपली साडी दिली. हौस दिली. हिला आता स्वतःचं काही नको!" टाळ्या! कमलमावशींनी डोळे पुसले. द्वारकाबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

निघताना बुवा चपला घालत होते. मंजिरी बाळाला पाया पाडायला घेऊन आली. वाकली, उभी राहिली, हलेना. मग हळूच म्हणाली, "बुवा, ती साडी मी फाडली नव्हती."

बुवा हसले! म्हणाले, "अगं, कुणी का फाडेना. गेली तर लेकराच्याच अंगावर ना?" आणि बाळाच्या गालाला हात लावून निघाले.

कोण होते ते बुवा?

ओळखलंत. हा तुमच्यासमोर उभा आहे.

वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. जेवताना ताटात. कीर्तनात त्यागाचा प्रसंग आला की घशात. "ती साडी मी फाडली नव्हती." चैत्रात राहवेना. मंडळींना, म्हणजे आमच्या घरच्यांना बरोबर घेतलं आणि गेलो तिच्या घरी. तेव्हा बसून सगळं सांगितलं तिनं, उसवलेल्या टाक्यांसकट. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. कमलमावशींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, बाया नटून जात होत्या. हिच्या अंगावर तोच गाऊन. वाचनालयात दुसरी मुलगी लागली होती.

मी एक साडी नेली होती. काळी, डाळिंबी काठ. चार गावं पालथी घातली तशी मिळायला! म्हटलं, क्षमा मागू, साडी देऊ, सुटू. तिनं घेतली. कुंकू लावलं. घडीवरून हात फिरवला. "चांगली आहे बुवा," म्हणाली. "पण ही तुम्ही निवडलीत."

मी म्हटलं, "मग चल, दुकानात जाऊ. तुला हवी ती उचल. सांग, तुला काय आवडतं?"

ती विचार करायला लागली. बराच वेळ. बाळ रांगत रांगत पायाशी आलं, तिनं उचललं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आठवत नाही हो."

तुम्हाला वाटतंय, आता बुवा गोड करतील. देव धावला, साडी सापडली, बाई हसली! नाही. तसं झालेलं नाही, मी कुठून आणू? गेल्या महिन्यात त्या गल्लीवरून गेलो. पोरगा चालायला लागलाय. शेजारच्या एका घरात माझ्या साडीची झोळी बांधलेली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी बाळासाठी नेलेली. तीसुद्धा न विचारताच नेली असणार.

आता प्रश्नाचं उत्तर. दिलेलं देवापर्यंत जात असेल. न विचारता घेतलेलं मात्र घेणाऱ्याच्याच घरात राहतं, रोज डोळ्यांसमोर, गाऊन घालून. आणि त्याला आपण त्याग म्हटलं की तिचं तोंडही बंद होतं. तोंड बंद करायचं ते काम मी केलं, याच तोंडानं.

पुरुषांकडे बघू नका ताई, तुम्हीही बघितलंत बाळाचंच नाक! इथं बसलेल्यांपैकी किती जण या वर्षी बाळ बघायला गेलात? हात वर करा. बरेच आहेत. आता त्या बाळाच्या आईच्या अंगावर काय होतं, हे ज्यांना आठवतंय त्यांनीच हात वर ठेवा.

बघा. माझाही खाली आहे.

गजर नंतर करू. आधी घरी जाल तेव्हा एक करा. तिला विचारा — तुला काय आवडतं? आणि विचारून लगेच पाठ फिरवू नका. उत्तर यायला वेळ लागेल. तिला आठवावं लागेल. तिला आठवेपर्यंत तिथंच उभे राहा.