रेफरीला दिसलं होतं

अरे, कुवेतमध्ये राहून मला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय खरं, पण त्या रेफरींचं नाव काढलं की डोकं फिरतं! परवा सालमिया भागातल्या माझ्या घरी मॅच बघत होतो. शेवटच्या मिनिटाला आमच्या खेळाडूने दोन्ही पाय रेषेच्या आत टेकवून झेल घेतला. रेफरीने रिप्ले बघूनही तो नाकारला. आम्ही हरलो! मी इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या साठेबाई, डोळ्यांच्या डॉक्टर, तणतणत वर आल्या.

"अहो, काय चाललंय काय?"

"तुम्हीच बघा! पाय आत आहेत की नाही?"

त्यांनी रिप्ले पाहिला. "आहेत की!"

"मग हा माणूस आंधळा आहे का?"

"आंधळा असता तर मी उपचार केले असते," बाई कडाडल्या. "याला सगळं नीट दिसलंय!"