चहासारखी लागणारी कॉफी

वहिनी, लेकीचं मेडिकलचं कोचिंग लातूरला सुरू झालं, तेव्हा मी माहूरच्या रेणुकाईला नवस बोलले होते की तिचा निकाल लागेपर्यंत चहा घेणार नाही. मग माझं डोकं इतकं ठणकायचं, की आमच्या ह्यांनी एस्प्रेसो कॉफीचं मशीन आणलं आणि कॉफीच्या बिया निवडायला मला दुकानात नेलं.

दुकानदार सलीमभाईंनी एक कप पुढे केला. "घ्या भाभी, ह्या बिया हलक्या भाजल्यात. कॉफी अगदी चहासारखी लागते."

मी कप ओठाला न लावताच खाली ठेवला.

हे म्हणाले, "अगं, चहासारखी लागते, चहा न्हाई ती."

"देवीपुढं असली वकिली चालत नसते. पोरीच्या नंबराचा प्रश्न आहे."

सलीमभाईंनी जास्त भाजलेल्या काळ्याकुट्ट बियांचं पाकीट काढलं. "मग ह्या न्या. तुम्हाला ही कॉफी पिताना बघून देवीच म्हणेल, बाई, घे आता चहा."

ह्यांनी उत्साहानं पाच किलो घेतल्या. कॉफी काढ्याहून कडू, तरी मी रोज हात जोडून प्यायले, आणि लेकीचा नंबर लागला.

आता तुमच्या पोराचं कोचिंग सुरू झालंय, तर तुम्हीही चहा सोडा. उरलेल्या बिया आणि मशीन, दोन्ही आजच घेऊन जा.