किती जणांनी उघडलं

— नाही नाही, त्या खोक्यावर नका बसू नीताताई, ते खालून मऊ पडलंय, ही खुर्ची घ्या. पाय डगमगतो तिचा, पण भिंतीला टेकवली की धरते. हां. आता तुम्ही सांगितलंत ते मला कळलं का, ते मीच सांगते, चुकलं तर थांबवा. ईमेलनं सगळ्यांना पत्र पाठवायची पहिली जी सेवा आहे ती फुकट — फुकट म्हणजे पत्र आपलं पण खाली जाहिरात त्यांची. बघितली ना मी. आमच्या नागलीच्या पापडाखाली वजन उतरवायच्या गोळ्या! माणसानं पापड खायचा का गोळी? बरं, ती राहू दे बाजूला. दुसरी अमेरिकेतली, ती सुंदर, चौकटी आहेत, रंग आहेत, फोटो बसतो — पण ती कार्ड मागते, डॉलरवालं. आमचे हे पंचायत समितीत क्लार्क. त्यांच्या बँकेत पासबुकावर शिक्का मारून मिळाला तरी दिवस बरा गेला म्हणायचं, तिथं कार्ड कुठलं! आणि तिसरी मुंबईची. चेक घेते. पण ती आधी प्रत्येकाचा होकार मागणार, म्हणजे पत्र पाठवायच्या आधी एक पत्र, की बाई, पत्र पाठवू का? आणि तिनं तिथं दाबून हो म्हटलं तर पुढचं. कोण दाबणार हो? मी स्वतः नाही दाबणार. असलं काही आलं तर मला वाटेल बँकेतनं पैसे काढतायत.

तर तीन सेवा आणि तिन्हींत काहीतरी खोट — नाही, तुमच्यावर नाही बोलत मी, तुम्ही ठाण्याहून सुट्टी घालवून आलात, घाटात गाडी लागली तुम्हाला, तरी आलात. शंभरावर लोकांना मी पत्र पाठवत होते, त्यातल्या तुम्ही एकट्या. घ्या ना, पापड घ्या, चहाबरोबर चांगला लागतो. ताजा आहे तो. म्हणजे — ताजाच म्हणायचा.

ती? ती पायरीवर बसलीये ती कमू. वांगणीची. तुम्ही येताना तिला ओलांडूनच आलात. तुमच्या हातातला पापड तिनं लाटलाय, तिनं आणि तिच्या जावेनं. कमूऽ, आत ये ना, बाई आल्यात ठाण्याच्या! — नाही यायची. तिला चहा नकोय, तिला उत्तर पाहिजे. आणि कमू, ती टोपली मागं नको ठेवू, मागं नको हं, तिथंच राहू दे तुझ्याजवळ! ...काही नाही, मागं पसारा आहे जरा. तर ती सकाळची आलीये, पहिल्या जीपनं, आणि आल्यावर एकच बोलली — 'बाय, राहू का जाऊ, येवढा सांग.' इकडं सगळे असं एकेरीच बोलतात, त्यात काही कमीजास्त नसतं, तुम्हालाही तसंच बोलेल. राहू का जाऊ म्हणजे, दिवाळी झाली की त्या बाजूच्या गाड्या भरतात, भिवंडीकडं, वसईकडं, वीटभट्टीवर. घरं कुलूप घालून जातात. कुलूप कसलं, काटक्या लावून. पापडाला मागणी असली की कमू राहते, नसली की जाते. तिचा नवरा नवसू सामान बांधून बसलाय, गाडी आज संध्याकाळी फाट्यावरून सुटणार. आणि तिची सुनिता आहे सातवीत. धाकटा अजून मांडीवरचा, भट्टीवर आई विटा पाडणार, मग पोराला कोण सांभाळणार? सुनिता. झाली मग शाळा. भट्टीवरून परत येऊन वर्गात बसलेली मुलगी मी तरी पाहिली नाही, आणि मी इथल्याच जामसर गावची आहे, लहानपणापासून बघतेय. गेली दोन वर्षं मी सांगते राहा, आणि ती राहते. म्हणून म्हटलं, आज काय ते ठरवू, कुठली सेवा घ्यायची ती. आज घेतली तर उद्या पत्र जाईल, परवा कुणीतरी—

नाही, कॉम्प्युटरवरचं ते पान एवढ्यात नका उघडू. बघू ना. तुम्ही सोमवारी त्या फुकटवालीतून पाठवून बघितलंत, किती जणांनी उघडलं ते ती सांगते, हो, आलं माझ्या लक्षात. बघू. वीज तीनला जाते, वेळ आहे.

आधी मला सांगा, माझं चुकलं काय होतं? म्हणजे तुम्ही फोनवर सांगितलंत, पण फोनवर मी नुसतं हो हो म्हटलं. ठाण्याच्या प्रदर्शनात बायकांनी आपापले पत्ते दिले, मी घरी येऊन पत्र लिहिलं — 'नागलीची ख्यालीखुशाली', नाव मीच ठेवलं — आणि सगळ्यांचे पत्ते वरच्या रकान्यात एकाखाली एक घातले. दुपार गेली माझी. तो पत्ते लपवून पाठवायचा रकाना असतो हे मला ठाऊक नव्हतं, पण खरं सांगू का, ठाऊक असतं तरी मी वरच घातले असते. आमच्याकडं लग्नाचं आवतण द्यायला माणूस फिरतो ना, तो दारात उभा राहून मोठ्यानं सांगतो. शेजारणीला ऐकू गेलं पाहिजे, आणि शेजारणीला दिलेलं हिला ऐकू आलं पाहिजे. हळूच कानात सांगितलंत तर लोक म्हणतात हे कसलं चोरीचं लग्न, आणि येत नाहीत, घरात बसून राहतात! कमूनं पण तेच विचारलं होतं, 'सगळ्यांची नावा घेतलीस ना? कोनी रुसाया नको.' म्हटलं घेतली गं, सगळ्यांना दिसतील अशी घेतली. अभिमानानं सांगितलं मी!

आणि रुसले हो, सगळेच रुसले. एका बाईंनी लिहिलं, माझा पत्ता चारचौघांत उघडा करायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला. त्यावर दुसरीनं सगळ्यांना लिहिलं की मला यातून काढा, त्यावर तिसरीनं सगळ्यांना लिहिलं की सगळ्यांना लिहू नका. मग एकानं तेच पत्ते उचलून त्यांना जमिनीची जाहिरात पाठवली, त्याचीही बोलणी मला. मी प्रत्येकीची वेगळी क्षमा मागत बसले, एकेकीला, तर चौथ्या दिवशी माझं खातंच बंद. मी म्हणे लोकांना त्रास देते. मी! जिला एसटीत खिडकी लाव म्हणायला संकोच वाटतो ती. नवीन खातं काढलं तर त्यातनं गेलेलं सगळं कचऱ्याच्या पेटीत पडतं, असं तुम्हीच सांगितलंत. उंबऱ्यापर्यंत जायचं आणि तिथूनच झाडून बाहेर. त्यानंतर पत्र नाही, मागणी नाही, काही नाही. म्हणजे मागणी अगदी नाही असं नाही, अधूनमधून... असो.

काय म्हणालात? वावर-वांगणीचं नाव टाकू? लोकांना आठवेल? आठवेल की. म्हणून तर नको. कुपोषणानं पोरं गेली ते पेपरात आलं होतं, तेवढंच आठवेल. त्या साली कमूचा थोरला गेला, दीड वर्षाचा होता. लोक गाड्या घेऊन आले, फोटो काढले, तिला उन्हात उभी केली, पुन्हा उभी केली. ती मला एकदाच बोलली त्यावर, पापड सुरू केले तेव्हा. म्हणाली, 'माजे पापडावर पोराचा नाव नको.' नाही टाकायचं मी. न खपू देत.

मागं काही वाजलं का? मांजर असेल. मागच्या खोलीला बाहेरून दार आहे, त्याची कडी नीट बसत नाही, हे रोज म्हणतात दुरुस्त करतो. त्यांना आताशा त्या खोलीचं नावच नको झालंय. नाही, भांडत नाहीत, बिचारे वर्षभर रोज पापड खातायत, सकाळी भाजलेला, रात्री तळलेला, ऑफिसात डब्याला. परवा मात्र म्हणाले, पुष्पा, एक ठरव, या घरात मी राहायचं का खोकी... हसू नका हो. खोकी म्हणजे — आता पाठवायची राहिलेली असतात ना काही. ही तुमच्याजवळची, आणि मागं. मागची जरा जास्त आहेत. शिमग्यापासूनची आहेत काही. काही त्याच्या आधीची.

असं बघू नका माझ्याकडं. मग काय सांगायचं होतं मी तिला? ती टोपली घेऊन यायची, म्हणायची 'गेला का गं माल?' आणि मी म्हणायची, गेला ना, दादरला गेला, पुण्याला गेला. माझं शिवणाचं येतं थोडं, त्यातनं तिचे पैसे देत होते. पुण्याच्या बाई काय म्हणाल्या विचारायची, तर मी सांगायची, तीळ थोडे जास्त घाल म्हणाल्या. पुढच्या खेपेला तीळ जास्त असायचे! घरचे तीळ हो तिच्या. पण सुनिता सहावी पास झाली की नाही? झाली. मला वाटलं, मध्ये एवढा पूल टाकू, तोवर खरी गिऱ्हाइकं येतील, मग कुणाला काही सांगायलाच नको. आता शिवणाचंही संपलं, नवीन रेडिमेडचं दुकान झालंय नाक्यावर. म्हणून तुम्हाला म्हटलं या, कुठली तरी सेवा घेऊ. तुम्ही शिकलेल्या, रोज असलीच कामं करता.

बरं, उघडा ते पान. उघडा म्हणते ना, तीन वाजत आले.

'पोचलं' — अगं बाई, बहुतेक सगळ्यांना पोचलं की! बघा, फुकटवाली पण वाईट नाही. आणि त्याखाली? 'उघडलं' — दोन. दोन म्हणजे? पुढं अजून आकडे आहेत का, जरा सरकवा. नाहीत. नुसते दोन. सोमवारपासून आजपर्यंत. वीज नसेल त्यांच्याकडं — पण मुंबईत कुठं जाते वीज. कोण ते दोघं, सांगते का ती? एक तुम्ही. बरोबर, तुम्ही नीट गेलंय का बघायला उघडलंत. आणि दुसरी... हो. तो माझाच पत्ता. मी पण बघितलं होतं, कसं दिसतंय ते.

म्हणजे शंभर दारं वाजवून तुम्ही आणि मीच.

नाही, समजावू नका. दुसऱ्या सेवेत उघडतील असं तुम्हालाही वाटत नाही, तुमच्या तोंडावर दिसतंय. तुमचं कार्ड नको, तुम्ही चांगल्या आहात, पण नको. ऐका, एवढं एकच करा माझ्यासाठी. मी तिला आत आणते आणि सांगते, या बाई ठाण्याहून मोठी ऑर्डर घेऊन आल्यात. तुम्ही काही बोलू नका, नुसती मान हलवा. हे एक वर्ष. सुनिता आठवीत गेली की तालुक्याला वसतिगृह बघेन मी. का नाही? खोटं कसलं, मान तर हलवायची! बरं, नका हलवू. नुसत्या बसून राहा. ती समजायचं ते समजेल. थांबा, बोलावते. कमूऽ!

कमू?

पायरीवर नाहीये. टोपली पण नाही. असेल इथंच, मोरीवर पाणी प्यायला... कमूऽ! त्या मागच्या दाराची कडी — हे उघडं कुणी टाकलं? ही... अगं आई.

ताई, इकडं या जरा. नको. नका येऊ, तिथंच थांबा.

सगळी खोकी उघडलीत तिनं. एकूण एक. माझी जुनी साडी दोरीवर होती, ती परसात अंथरलीये, त्यावर पापड घातलेत उन्हात. ओळीनं, एकाला एक चिकटू न देता, तिच्या अंगणात घालते तसे. दादरचे, पुण्याचे, सगळे. बुरशीचे बाजूला काढलेत. साडी उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवलेत. आपण आत सेवा निवडत बसलो होतो तेवढ्या वेळात. मी मांजर म्हणाले. आणि या महिन्याची टोपली ती परत घेऊन गेली.



नाही, उठू नका, फाट्यावर जाऊन मी तिला सांगू काय? जीप मिळाली असेल तिला. सुनिता तिथंच असेल नवसूजवळ, सामानावर बसलेली.

निवडायची? कुठलीच नको. बंद करा ते, करायचं तसं करा, वीज जाईलच आता. तुम्ही निघा, ताई. चारची ठाण्याची गाडी चुकली तर मग थेट सकाळची. हा चहा राहू दे, मी ओतते. निघा म्हणते ना. ऊन उतरायच्या आत मला हे पापड उलटायचेत.