बैलांखालची ओळ

अभिलेखागाराच्या टेबलावर दोन पेन्सिली, एक मापाचं भिंग, एक जुनं चर्मपत्र आणि भांडणारी भावंडं होती. इमोजेन शेजारी आपल्या कागदांची वाट पाहत होती.

"सोमवारी बाबांच्या थडग्यावर दगड बसतोय, हिल्डा. सरदारी ढाल, सिंह, सगळं कोरून झालंय."

"आधी आपण सरदाराचे वंशज आहोत हे ठरू दे, डेस्मंड."

"ठरायचं काय राहिलंय? ही सरदार सर गिल्बर्टच्या मालमत्तेची यादी, तेराशे बारा सालची. त्यात आपला वॉल्टर हॅसबी आहे."

"लॅटिन तुला कुठं येतं?"

"तुला येतं ना? वाच मग."

"गिरणी एक. कबुतरखाना एक. बैल चौदा."

"केवढा पसारा होता आपला."

"पुढं ऐक. वेठबिगार वॉल्टर हॅसबी, बायकापोरांसकट."

"तिथून घरच्यांची वेगळी यादी सुरू होत असेल. बैलांनंतर जागा सोडलीय बघ."

"तुला हवी तेवढी सोडलीय."

"या मुलीला विचारू. तू मोज गं, ही माझी बहीण आहे, हिचं काही खरं नाही."

इमोजेननं भिंग ठेवून मोजलं.

"गिरणी ते कबुतरखाना, चार मिलिमीटर. कबुतरखाना ते बैल, चार. बैल ते वॉल्टर, चार."