आईच्या विहिरीचं पाणी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अहवालासाठी रांग होती. दवाखान्याच्या पाण्याचा अहवाल न्यायला आलेल्या नर्सबाईंच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. ऐकायचं नाही म्हटलं, तरी त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

“समुद्र हाकेवर आहे, बोअर आणखी खोल नेऊ नका, असं घसा फोडून सांगत होते ना?”

“अगं, खाली सगळा काळा कातळ. त्यातून खारं पाणी येईल कसं?”

“ज्या भेगांतून गोडं आलं, त्यांतूनच! दिवसभर पंप लावून अंगण धुवा, गाडी धुवा, शेजाऱ्याचीही गाडी धुवा. उपसून उपसून समुद्र ओढून आणलात घरात.”

“शेजाऱ्याची माणुसकी म्हणून धुतली.”

“आता चहा खारट लागतो, त्यालाही माणुसकीच म्हणा.”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“बघू देत.”

कारकुनाने खिडकीतून दोन कागद पुढे केले. “दोन्ही नमुने खारे. पिऊ नका.”

“दोन्ही? आपण एकच बाटली दिली होती.”

“दुसरी मी दिली. आईच्या विहिरीची.”

“आपल्या कुंपणापलीकडची? ती तर तुझ्या आजोबांपासून गोड आहे!”

“होती. महिनाभर आई तेच खारं पाणी पितेय.”

“मग मला बोलल्या का नाहीत?”

“म्हणाली, जावईबापूंनी हौसेनं बोअर मारलंय, उगाच वाईट वाटेल.”

नवऱ्याने दोन्ही कागदांची घडी घातली. मग त्याने खिशातून फोन काढला.

“कुणाला करताय?”

“आईंना. आपला पंप बंद करायला सांगतो.”

“म्हणजे तो आत्ताही चालू आहे?”