सुदामभाऊंचा खोटं बोलणारा ऑसिलोस्कोप

लाखनीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सुदामभाऊंच्या ऑसिलोस्कोपचा किस्सा तुम्हाला सांगायचा राहिलाच. विजेचा दाब पडद्यावर दाखवणारं हे यंत्र त्यांनी नागपुरातून सगळ्यांत स्वस्त पाहून आणलं होतं. एकदा आमच्या टीव्हीवरचं चित्र आक्रसून पट्टीएवढं झालं, म्हणून मी तो एकोडीहून एसटीने त्यांच्या दुकानात नेला. तिथे नागपूरचे एक कंपनीवाले मेकॅनिक चहा पीत बसले होते.

सुदामभाऊंनी टीव्ही उघडून यंत्राच्या तारा लावल्या. मेकॅनिक वाकून म्हणाले, "शंभर व्होल्ट पाहिजेत, इथे नव्वदच आहेत. ट्रान्सफॉर्मर बदला."

तेवढा खर्च मला झेपणारा नव्हता.

"थांबा जी," सुदामभाऊ म्हणाले, "शंभरच आहेत. हा डब्बा दहावा हिस्सा खाते."

"कशावरून?" मेकॅनिकनी विचारलं.

सुदामभाऊंनी दीड-दीड व्होल्टचे दहा नवे सेल एका ओळीत जोडून यंत्राला लावले. पंधरा व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले साडेतेरा.

"मग असलं खोटं यंत्र वापरता कशाला?"

"खोटं बोलते, पण रोज तेवढंच बोलते, साहेब. सकाळी दुकान उघडलं का याले आधी सेल दाखवतो, मंगच कामाले लावतो."

मग त्यांनी एक वाळलेला कंडेन्सर शोधून बदलला आणि चित्र पडदाभर पसरलं. ट्रान्सफॉर्मरला हातही लावला नाही.

तेव्हा मेकॅनिकनी पिशवीतून स्वतःचा भारी मीटर काढला आणि म्हणाले, "सुदामभाऊ, ते सेल जरा इकडे द्या."